पायरी उतरलेलं गिऱ्हाईक

२ मार्च

ती. बाबांस,
चिंगीचा शि. सा. न. वि. वि.

आम्ही दोघं सुखरूप पोचलो. निघताना तुम्ही बजावलं होतंत की फोन करू नकोस, पत्र लिही, फोनवरचं बोलणं परत वाचता येत नाही. म्हणून आल्या आल्या कागद घेऊन बसले. तुमचे जावई सकाळी आठला त्यांच्या प्रशिक्षणाला जातात ते सहाला येतात. दोन महिने हेच चालणार. तोवर मी आणि ही तिसऱ्या मजल्यावरची खोली. नळ सोडला की आधी खोकतो, मग थुंकतो, मग पाणी येतं. घरमालकीण चांगली आहे. तिचं मला कळत नाही, माझं तिला कळत नाही, त्यामुळे भांडण व्हायचा प्रश्नच नाही.

पलीकडच्या गल्लीपासून बाजार सुरू होतो. पर्यटकांचाच बाजार. पिशव्या, पट्टे, पितळी दिवे, गालिचे, गळ्यात मारायला जे जे म्हणून असतं ते सगळं. माझ्या पर्समध्ये आत्याची यादी आहे, सासूबाईंची आहे, शेजारणीची आहे, आणि जिला मी लग्नानंतर एकदाही भेटले नाही त्या चुलत नणंदेची तर सगळ्यांत लांब आहे.

काल पहिला बाजार केला आणि तुमचं नाव धुळीला मिळवलं. आत्याची चामड्याची पर्स. त्याने सांगितलेल्या भावाच्या मी निम्म्याने मागितली. तुमची मुलगी म्हणून छाती काढून मागितली. तो इतक्या पटकन हो म्हणाला की मला संशयच आला. पुढच्या दुकानात तीच पर्स, त्याच रंगाची, मी दिले त्याच्याही निम्म्याला लटकत होती. हे म्हणाले, चाळीस वर्षं कापड दुकानात काढलेल्या माणसाची मुलगी अशी कशी? आता तुम्हीच काय ते सांगा. परदेशात घासाघीस कशी करायची ते अगदी पहिल्यापासून लिहून पाठवा.

आणि आता दुसरं. रागावू नका, पण मी आडून आडून बोलणार नाही. दादा याच शहरात आहे. यांना इथे पाठवायचं ठरलं तेव्हा मी मागे लागून बरोबर आले ते पर्स घ्यायला नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे. त्याच्या मित्राकडून एक जुना पत्ता मिळाला आहे. नऊ वर्षं झाली बाबा. त्याला शोधून घरी यायला तयार करायचं, एवढ्यासाठी मी आले आहे. त्याला तुमच्याकडून काय सांगू ते कळवा. एक ओळ पुरे.

तब्येतीला जपा. दुपारी झोपताना दाराला कडी लावत जा. कळावे. लोभ आहेच, त्यात मात्र घासाघीस नको ही विनंती.

तुमची
चिंगी

---

१० मार्च

चि. सौ. चिंगी हीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र पावलं. वाचून मान खाली गेली. अगं, निम्म्याने मागायला तुला कुणी सांगितलं? निम्म्याने मागणारं गिऱ्हाईक आलं की आम्ही मनातल्या मनात गूळ वाटायचो. जगातलं प्रत्येक अडाणी गिऱ्हाईक निम्म्याने मागतं, म्हणून जगातला प्रत्येक शहाणा दुकानदार आधीच दुपटी-तिपटीने सांगतो. एक तृतीयांशाने मागावं आणि गप्प बसावं. गप्प बसणं महत्त्वाचं. तुला तेच जमत नाही, लहानपणापासून.

पहिल्या दिवशी काही घ्यायचंच नाही. नुसतं हिंडायचं, चार ठिकाणी विचारायचं आणि डोक्यात ठेवायचं. सकाळी दुकान उघडता उघडता जावं. भवानीचं गिऱ्हाईक कुणी परत पाठवत नाही, मग मुलूख कुठलाही असो, माणूस माणूसच. अंगावर दागिना नको, हातात मोठी नोट नको. जी वस्तू आवडली तिला हात लावायचा नाही. हात लावलास की संपलं, दुकानदाराचा डोळा तुझ्या तोंडावर नसतो, बोटांवर असतो. रंगीत कापड घेतलंस तर ओल्या रुमालाने कोपरा घासून बघ. शिवण उलटी करून बघ. आणि भाव ठरला की माघार घ्यायची नाही. तुझ्या भावाला त्याने हो म्हटलं की ती वस्तू तुझी, मग ती शेजारी फुकट का मिळेना. त्यामुळे पर्सचं झालं ते झालं, रडू नकोस.

पटलं नाही तर पायरी उतरायची. सात पावलं चालायची. मागे वळून बघायचं नाही. सातव्या पावलापर्यंत हाक आली नाही तर समज की तुझा भाव खरंच कमी होता. वळून बघितलंस तर मेलीस.

दुकानदाराची एक युक्ती सांगून ठेवतो, तुझ्यावर चालवतील. कमी भाव मागितला की आम्हाला ऐकू येत नसे. खुशाल दुसरं ठाण उलगडत बसायचं. गिऱ्हाईक पुन्हा बोलतं, आम्ही पुन्हा बहिरे. तिसऱ्यांदा ते आपसूक भाव वाढवतं, आणि तो मात्र लख्ख ऐकू येतो. आमच्या दुकानात मला बहिरोबाच म्हणायचे.

इकडे सगळं ठीक. फोनच्या तारा खराब झाल्या आहेत, नुसती घरघर येते. तक्रार केली आहे. त्यातच हल्ली फोनवरून माल विकणारे सुटले आहेत. रविवारी सकाळी हमखास. आजच एक आला होता. पलीकडे कोण काय बडबडतं कळत नाही, मी सरळ सांगतो, आम्हाला काही नको, आणि ठेवून देतो. विकणाऱ्यालाच विकायला निघालेत लेकाचे.

तुझ्या शेवटच्या परिच्छेदाबद्दल मला काही म्हणायचं नाही. तू बाजार बघायला गेली आहेस, बाजार बघ. तिथे हवा कशी आहे? भाड्याच्या खोल्या कोंदट असतात का? चहा बरा मिळतो का? लोक वेळेवर जेवतात का? कामावरून येणाऱ्या माणसांचे चेहरे कसे असतात? सहज विचारतो.

जावईबापूंना आशीर्वाद. बाकी माया शिल्लक आहे ती तुमचीच समजावी.

तुझा
बाबा

---

१९ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र काल मिळालं. दोनदा वाचलं, एकदा मोठ्याने, यांच्यासाठी. हे इतके हसले की खालून घरमालकीण बघायला आली.

लगेच प्रयोग केला. सासूबाईंसाठी पितळी दिवा. तृतीयांशाने मागितला आणि गप्प बसले. जीभ दाताखाली धरून बसले. तोही गप्प. आम्ही दोघं त्या दिव्याकडे बघत इतका वेळ बसलो की एक बाई आली आणि तो घेऊन गेली, त्याने सांगितलेल्या भावाला. मग दुसऱ्या दुकानात मी पायरी उतरले. एक, दोन, तीन, मागे न बघता. सात झाली, हाक नाही. मला वाटलं, इथली पावलं लहान असतील, म्हणून आणखी चालले. पंधरा, वीस. वळायची लाज वाटली. वळणं घेत घेत अशा गल्लीत पोचले की तिथे नुसत्या कुलपांचीच दुकानं. परतीचा रस्ता सापडायला दीड तास लागला. तुम्ही हे लिहिलं नव्हतंत बाबा, की हाक आली नाही तर माणसाने परत कसं यायचं.

दादाबद्दल तुम्ही काही विचारलं नाहीत तरी मी सांगणार. जुन्या पत्त्यावर दुसरंच बिऱ्हाड निघालं. तिथल्या म्हातारबाबांनी कागदावर नकाशा काढून दिला. मोठ्या रस्त्यावर चार मजली कपड्यांचं दुकान आहे. तिथे घासाघीस चालत नाही, प्रत्येक वस्तूला छापील भावाची चिठ्ठी. दादा तिथे तळमजल्यावर उभा असतो. रुमाल, मोजे, गळपट्टे. दुकानाचा पत्ता पत्राच्या मागे लिहिला आहे.

मी काचेतून बघितला. केस पुढून गेलेत. घडी मात्र तुमच्यासारखी घालतो, तळहाताने दोनदा दाबून. मी बाहेर उभी होते अर्धा तास. आत जाववेना. काय सांगू त्याला? बाबांनी निरोप दिलाय म्हणू, तर तुम्ही दिला नाहीत. नाही दिला म्हणू, तर मग कशाला आलीस म्हणेल. दारातला रखवालदार माझ्याकडे संशयाने बघायला लागला तशी घरी आले आणि पोटभर रडले. मला नऊ वर्षांपूर्वीची ती संध्याकाळ आठवत होती. तुम्ही त्याला तुमच्या शेजारी दुकानात लावलंत, आणि त्याने मुलीच्या लग्नाचं कापड घेणाऱ्या त्या बाईला सगळ्यांदेखत सांगितलं की हेच ठाण काल कमी भावाने गेलं. मालक तुम्हाला चार लोकांत नाही नाही ते बोलले. घरी येऊन तुम्ही म्हणालात, माझी माफी माग, नाहीतर या घराची पायरी चढू नकोस. तो पिशवी घेऊन उतरला. मी दारात उभी राहून तुम्हाला म्हणत होते, बाबा, हाक मारा. तुम्ही पाटावर बसून राहिलात. काय मोजत होतात तुम्ही तेव्हा? ओठ हलत होते तुमचे.

मला काही सुचत नाही. लवकर लिहा. हात डोक्यावर आहे तसाच राहू द्यावा ही विनंती.

तुमची
चिंगी

---

२७ मार्च

चि. सौ. चिंगी हीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र आज आलं आणि आजच उत्तर लिहितोय, यावरून काय ते ओळख.

दिव्याचं वाईट वाटलं. पण गप्प बसताना वस्तूकडे बघायचं नसतं, बाये. छताकडे बघायचं.

पावलं मोजत होतो. लपवून काय करू? आपल्या दारापासून कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत एकशे बारा पावलं. सातव्याला वाटलं, थांबेल. मग वाटलं, पन्नासाव्याला थांबेल. आयुष्यभर मी गिऱ्हाईकांच्या पाठी बघितल्या. कोण परत येणार आणि कोण नाही हे मला पाठीवरून कळायचं. त्याची पाठ परत येणाऱ्याची होती, शप्पथ सांगतो. खांदे जरा मागे होते. म्हणून मी हाक मारली नाही. जो आधी हाक मारतो त्याचा भाव पडतो. मला वाटलं, टपालपेटीपाशी वळेल. वळला नाही, कारण वळायचं नाही हे त्याला शिकवणारा मीच. शहाण्या माणसाने स्वतःची विद्या स्वतःच्या पोराला शिकवू नये.

दुसऱ्या दिवशी हाक मारायची, तर आदल्या दिवशी का नाही मारली असं झालं असतं. महिन्याने मारायची तर महिनाभर काय केलंत असं झालं असतं. अशी नऊ वर्षं झाली. पत्र टाकावं असं शंभरदा मनात आलं. पण लिहून दिलेला भाव फिरवता येत नाही, त्याची भीती वाटते.

आता एक राहिलेली गोष्ट सांगतो, मागच्या पत्रात मुद्दाम लिहिली नव्हती. ज्या वस्तूवर जीव आहे तिचा भाव आधी विचारायचा नाही. आजूबाजूच्या चार वस्तूंचा विचारायचा. ताकास तूर लागू द्यायची नाही. मी तुला हवा विचारली, खोल्या विचारल्या, चहा विचारला. तू माझी मुलगी, तुला वाटलं मी बाजाराचंच विचारतोय? एकाही प्रश्नाचं उत्तर दिलं नाहीस. केस पुढून गेलेत एवढंच लिहिलंस. तेवढ्यावर मी आठ वेळा ते पत्र वाचलं.

आत जा. बहीण म्हणून जायला जमत नसेल तर गिऱ्हाईक म्हणून जा. मला एक रुमाल हवा आहे. पांढरा, साधा. त्याच्याच हातून घे आणि बिल त्याला स्वतःच्या अक्षरात लिहून द्यायला सांग. निरोप काही देऊ नकोस. रुमाल बाबांसाठी आहे एवढं म्हण आणि तो काय म्हणतो ते बघ. आधी त्याला बोलू दे. मग मी बोलेन. खरंच बोलेन.

फोनची तार अजून तशीच. आमच्या माळ्यावरचे शिक्षक गावी गेलेत, त्यामुळे तक्रारीचा पाठपुरावा करायलाही कुणी नाही.

त्याला चष्मा लागलाय का? पोट सुटलंय का? कळव. माझ्या पदरात जेवढे आशीर्वाद होते तेवढे सगळे दोघांत वाटून घ्या. दोघांत म्हणजे तू आणि जावईबापू नव्हे.

तुझा
बाबा

---

८ एप्रिल

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र कसं लिहू कळत नाही. घडलं तसं सांगते.

गेल्या शुक्रवारी गेले. त्याच्यापुढे उभी राहिले आणि पांढरा रुमाल मागितला. त्याने खाली बघतच तीन रुमाल मांडले. मी म्हटलं, बाबांसाठी हवाय, बिल हाताने लिहून द्या. त्याचे हात थांबले. मग त्याने बिल लिहिलं, अक्षर एकदम सरळ, नंतर माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, चिंगे, तू जाड झालीस. मी तिथेच रडायला लागले. त्याने आधी माझ्या हातातले पैसे मोजून घेतले, सुटे परत दिले आणि मग रडला. चष्मा लागलाय. पोट सुटलेलं नाही.

दुपारी जेवायच्या सुट्टीत मागच्या जिन्यात बसून बोललो. बायको इथलीच, शिवणकाम करते. मुलगी दीड वर्षाची आहे. तुमच्या कपाळाची. खोली कोंदट आहे, पण खिडकी मोठी आहे. चहा वाईट. जेवण वेळेवर होत नाही. आता सगळी उत्तरं दिली.

आणि बाबा, तो तुम्हाला फोन करतो. मुलगी झाल्यापासून करतो. महिन्यातून एकदा, रविवारी सकाळी. तो हॅलो बाबा म्हणतो, आणि तुम्ही म्हणता, आम्हाला काही नको. गेल्या महिन्यात दहा तारखेला केला होता. मी घरी जाऊन तुमचं पत्र काढून बघितलं. दहा तारीख.

मी त्याला म्हटलं, बाबांना ऐकू कमी येत असेल, तारही खराब आहे. तो हसला. म्हणाला, बहिरोबा. कमी भाव मागितला की त्यांना ऐकू येत नाही, मी त्यांच्या शेजारी तीन वर्षं उभा होतो, मला कुणाचं सोंग सांगतेस? शनिवारी पत्रं घेऊन पुन्हा गेले आणि तुमचं पहिलं पत्र दाखवलं, त्यात तेच, तुमच्याच अक्षरात. ऐकू येत नाही असं कुठे आहे दाखव म्हणाला. सगळी पत्रं चाळली. कुठेच नाही. तारा खराब आहेत एवढंच.

काल रविवार होता. मीच त्याला ओढत टेलिफोनच्या कचेरीत नेलं. त्याने नंबर फिरवला, मी कान लावून उभी. तुमचा आवाज आला आणि त्याचा चेहरा असा झाला बाबा, लहान असताना ताप आला की व्हायचा तसा. तो म्हणाला, बाबा, मी बोलतोय. तुम्ही म्हणालात, काही नको आम्हाला, आणि ठेवलात. पुन्हा लावला. या वेळी मी घेतला आणि ओरडले. खिडकीतली बाई उठून उभी राहिली इतकी ओरडले. बाबा, मी चिंगी, ठेवू नका. तुम्ही म्हणालात, अहो, एकदा सांगितलं ना, दारावर आलात तर याद राखा. तिसऱ्यांदा लागलाच नाही. तुम्ही बहुतेक बाजूला काढून ठेवलात.

तेव्हा मला कळलं. तार खराब नाही. आवाज लख्ख येत होता, तुमच्यामागे घड्याळाचे ठोके पडले तेही मला ऐकू आले. तुम्हाला काहीच ऐकू येत नाही. मी दर दोन महिन्यांनी येते, तुम्ही माझ्या तोंडाकडे बघत बसता, मला वाटायचं मायेने बघता. पाठ फिरवली की उत्तर देत नाही, मला वाटायचं विचारात आहात. कधीपासून? आणि मला का नाही सांगितलंत? मी तुमची मुलगी आहे, गिऱ्हाईक नाही.

दादाला हे सगळं सांगितलं, हात जोडून सांगितलं. तो म्हणाला, तुला नाही कळायचं, तुझा आवाज ऐकूनही ठेवला म्हणजे ते किती पक्के आहेत बघ. रागावला नाही. रागावला असता तर भांडले असते. नुसता दमल्यासारखा झाला. त्याचं दुकान बंद होतंय. कंपनी त्याला दुसऱ्या शहरातल्या शाखेत पाठवते आहे, इथून दीड दिवसाचा रेल्वेचा प्रवास. गुरुवारी, अकरा तारखेला निघणार. पत्ता अजून नक्की नाही म्हणतो. माझा पत्ता त्याच्या खिशात कोंबला. लिहीन म्हणाला नाही, लिहिणार नाही असंही म्हणाला नाही. मला त्याची पाठ वाचता येत नाही, बाबा. ती तुम्हाला येते.

हे पत्र तुम्हाला मिळेल तेव्हा तो गेलेला असेल. माझं तुम्ही आठ दिवसांनी वाचणार, तुमचं मी आणखी आठ दिवसांनी, मधे मी काय करू? रुमाल आणि बिल पर्समध्ये ठेवलंय, आत्याच्याच त्या पर्समध्ये. यापुढे मला घासाघीस शिकवू नका.

तुमचीच, दुसऱ्या कुणाची होणार
चिंगी

---

२२ एप्रिल

चि. सौ. चिंगी हीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र सोळाला आलं. सहा दिवसांत चार कागद फाडले, हा पाचवा.

मला ऐकू येत नाही. दोन वर्षं झाली. आधी उजवा कान गेला, मग डावा. लोकांच्या ओठांवरून निभावतो. काचेच्या कपाटासमोर बसतो, म्हणजे मागून कोण आलं ते दिसतं. तुला सांगितलं नाही, कारण आपल्या मालातला डाग आपण आधी दाखवायचा नसतो. गिऱ्हाईकाने पारखून काढला तर बघू. तू पारखलाच नाहीस, मला वाटलं, चला, खपलं. देवाने मात्र माझ्या सोंगाचं बरोबर माप घेतलं आणि बेतून शिवलं.

दीड वर्ष माझा मुलगा माझ्या कानाशी बाबा म्हणत होता आणि मी त्याला सांगत होतो, आम्हाला काही नको. चिंगे, चाळीस वर्षांत मी दारात आलेल्या माणसाला कधी असं बोललो नाही. घेऊ नका पण बसा तर, म्हणायचो. पाणी द्यायचो. आणि हे मी घरच्या पोराला बोललो. नात झाली ते सांगायला आलेल्याला. तू लिहिलंस की तो दमल्यासारखा झाला. एवढं एक वाक्य मला जेवू देत नाही.

पत्र आलं त्याच दिवशी त्याच्या दुकानाच्या पत्त्यावर चिठ्ठी टाकली. तो अकरालाच गेला, दुकानाला कुलूप लागलं असेल, चिठ्ठी परत येणार हे मला कळतं. तरी टाकली. चि. बाळ्या, मला खरोखर ऐकू येत नाही, चूक माझी होती, ये. एवढंच लिहिलं. नऊ वर्षांनी त्याचं नाव लिहिताना अक्षर बिघडलं. तुझ्या पत्त्यावर त्याचं काही आलं तर जावईबापूंची वाट न बघता फोडून वाच.

फोन लागूच नये म्हणून तो बाजूला काढून ठेवत होतो, ते बंद केलं. आता मी फोनशेजारीच बसतो. घंटा ऐकू येत नाही, आजवर टेबलाची थरथर कोपराला लागली तरच कळायचं, म्हणून आता त्याच्या डोक्यावर हात ठेवून बसतो. वाजला की हाताला थरथर कळते. उचलला की मी काही विचारत नाही, विचारून काय उपयोग? पलीकडे कुणीही असो, मी आधी बोलतो. मला ऐकू येत नाही, मी चुकलो, घरी ये, बायकोला आणि मुलीला घेऊन ये. दोनदा म्हणतो, सावकाश, आणि मग ठेवतो. परवा वीज कंपनीचा माणूस दारात येऊन उभा राहिला. त्याच्या ओठांवरून कळलं, थकलेल्या बिलासाठी फोन केला होता म्हणे. तुम्ही बायकोला आणायला सांगितलंत, पण ती माहेरी आहे, असंही म्हणाला. त्याला चहा दिला. बराच वेळ बसला बिचारा.

काल रविवार. सकाळी सातला हात ठेवून बसलो. साडेनऊला थरथरला, पुन्हा अकराला थरथरला. दोन्ही वेळा सगळं म्हटलं. दुसऱ्या वेळी पलीकडे कुणी तरी बराच वेळ धरून ठेवलं असावं असं वाटलं. खरं की माझ्या मनाचं, ते सांगता येत नाही. फोन कानाला लावून बसलो होतो, जसं काही ऐकू येणार आहे.

कळावे. माया पुष्कळ उरली आहे, आता ती राखून ठेवायची नाही असं ठरवलं आहे.

तुझा
बाबा

ता. क. नणंदेची यादी राहिली असेल तर कुठलंही दुकान गाठ. मागतील तेवढे दे, आणि लवकर ये.